वैमानिकाची मान आणि सिम्युलेटरची मान

हेड ट्रॅकिंग म्हणजे खेळाडूच्या डोक्याची हालचाल कॅमेऱ्याने टिपून सिम्युलेटरमधल्या वैमानिकाची नजर तशीच फिरवण्याची सोय. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये ती गेल्या पंचवीस वर्षांत रुळली. तिच्यात एक अडचण मुळापासून आहे. खेळाडूसमोरचा मॉनिटर जागचा हलत नाही, त्यामुळे मान पूर्ण वळवली तर पडदाच दिसेनासा होतो. म्हणून खेळाडूने डोके वीस-पंचवीस अंश वळवले की खेळातली नजर शंभर-दीडशे अंश फिरेल अशी व्यवस्था असते. नजर किती पटीने फिरावी हे सॉफ्टवेअरमध्ये हवे तसे बदलता येते. ही पट वाढवत नेली तर खेळातला वैमानिक पट्टे बांधून बसल्या जागी घुबडासारखी मान फिरवतो आणि थेट आपल्याच शेपटाकडे पाहू लागतो. खऱ्या विमानात हे कोणालाही जमलेले नाही. ही मर्यादा कुठे असावी हे ठरवायचे, तर खऱ्या कॉकपिटमधून मागचे किती दिसत असे आणि न दिसणाऱ्या भागामुळे हवाई लढाईला कोणता आकार आला, हे आधी पाहावे लागते.

शरीराचा हिशेब सरळ आहे. निरोगी तरुण माणसाची मान एका बाजूला ७० ते ९० अंश वळते. डोळे त्यापुढे आणखी सुमारे ४५ अंश जातात. पट्टे सैल असतील तर खांदे आणि कंबर वळवून थोडी भर घालता येते. सगळे मिळून नजर दीडशे अंशांच्या आसपास पोचते. नेमके मागचे, १८० अंशांवरचे, दिसत नाही. नजरेच्या कडेला काहीतरी हलल्याचे जाणवते, पण ते आपले की शत्रूचे हे ओळखता येत नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते. डोळे मानेच्या आसावर नसतात, त्याच्या पुढे सुमारे १० सेंटिमीटरवर असतात. त्यामुळे मान वळते तेव्हा नजरेची दिशा बदलते आणि डोळ्यांची जागाही सरकते. वैमानिक एका बाजूला झुकला तर डोक्यामागच्या पत्र्याच्या कडेवरून त्याला मागे डोकावता येते; न झुकता नुसती मान वळवली तर तोच पत्रा आड येतो. चांगल्या आणि कच्च्या सिम्युलेटरमधला फरक पुष्कळदा या १० सेंटिमीटरमध्ये असतो.

विमान वळणात असताना हा हिशेब आणखी आखडतो. माणसाचे डोके साधारण ५ किलोचे असते. आजचे हेल्मेट आणि मुखवटा मिळून २ किलो धरले, तर ६ जीच्या, म्हणजे वजन सहापट भासवणाऱ्या वळणात मानेवर ४२ किलोंचा भार येतो. या भाराखाली वळवलेली मान सरळ करणेही कठीण जाते. म्हणून अनुभवी वैमानिक भार येण्याआधीच मान हव्या त्या दिशेला वळवून आसनाच्या आधाराने टेकवून ठेवतात आणि मग वळण घेतात. लढाऊ वैमानिकांमध्ये मानेची दुखणी सर्रास आढळतात ती यामुळेच. घरच्या खुर्चीत बसलेल्या खेळाडूला यातले काही सोसावे लागत नाही.

पहिल्या महायुद्धातली कॉकपिट उघडी होती आणि डोके वाऱ्यात असे. मागे पाहायला अडथळा कमी होता, पण वरचा पंख मोठा भाग झाकून टाकी. सॉपविथ कॅमल या ब्रिटिश विमानाच्या वरच्या पंखाच्या मधोमध वैमानिकाला वरचे दिसावे म्हणून खाच ठेवलेली होती. त्या काळातल्या वैमानिकांचे रेशमी रुमाल पुढे चित्रपटांतून ऐटीचे चिन्ह झाले. त्यांचे खरे काम वेगळे होते. सतत मान वळवून वळवून कॉलरने मानेची कातडी सोलवटून निघत असे आणि रेशीम ती वाचवी. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के याने १९१६ मध्ये हवाई लढाईचे नियम लिहून काढले. सूर्य पाठीशी ठेवा, शत्रूला नजरेआड होऊ देऊ नका, हल्ला शक्यतो मागून करा, असा त्यांचा रोख होता. समोरच्याला जिथले दिसत नाही तिथून या, हेच त्या नियमांचे सार. मानेची मर्यादा इथे प्रथमच युद्धशास्त्रात लिहिली गेली.

१९३०च्या दशकात वेग वाढले आणि कॉकपिटवर झाकण आले. त्याबरोबर मागची दृष्टी गेली. १९३५ मध्ये उडालेल्या मेसरश्मिट बीएफ १०९ या विमानाचे झाकण जाड चौकटींचे, चपट्या काचांचे आणि अरुंद होते. त्यामागे उंच पाठ होती. १९४०पासून वैमानिकाच्या डोक्यामागे पोलादी चिलखती पत्रा बसवू लागले. पत्र्याने मागून येणारी गोळी अडे आणि मागून येणारे विमानही अडे. गोळीपासून बचाव की गोळी झाडणारा आधीच दिसणे, यांतला हा तोल पुढची तीन-चार वर्षे कोणालाच नीट साधला नाही. पुढे जर्मनांनी पत्र्यात चिलखती काच बसवली आणि १९४३च्या अखेरीपासून कमी चौकटींचे नवे झाकण दिले. तोवर लढाई त्यांच्या हातून निसटू लागली होती.

ब्रिटिशांच्या स्पिटफायरचे सुरुवातीचे झाकण वरून चपटे होते. ते लवकरच फुगीर करण्यात आले, म्हणजे वैमानिकाला डोके बाजूला सारून मागे पाहायला जागा मिळाली. वाऱ्याच्या काचेवर बाहेरून छोटा आरसाही बसवत. असे आरसे काही वैमानिकांनी सुरुवातीला पदरच्या पैशाने विकत घेऊन लावले होते. स्पिटफायरच्या खांद्याच्या पट्ट्यांना सैल सोडणारा एक खटका होता. तो ओढला की वैमानिक पुढे झुकू आणि अंग वळवू शके. सिम्युलेटरच्या दृष्टीने हा खटका फार महत्त्वाचा आहे, कारण त्या काळचे वैमानिक आसनाला जखडलेले नव्हते याचा तो पुरावा आहे. मानेची मर्यादा घालताना पट्टे करकचून बांधलेले धरले, तर तीही खोटीच ठरते.

रशियन आघाडीवर वेगळीच तऱ्हा होती. तिथल्या सुरुवातीच्या झाकणांची पारदर्शक शीट इतकी निकृष्ट होती की याक-१ आणि लाग-३ विमानांचे अनेक वैमानिक झाकण उघडे ठेवूनच लढत. त्यात वेग घटे, थंडी अंगावर येई, पण दिसे. १९४२च्या अखेरीस याक-१ची पाठ खाली कापून तिच्यावर सर्व बाजूंनी दिसेल असे झाकण बसवलेली आवृत्ती आली. हीच सुधारणा अमेरिकी थंडरबोल्ट आणि मस्टँग, ब्रिटिश टायफून यांच्यावर १९४३-४४ मध्ये झाली. एकाच साच्यातून काढलेला, फुग्यासारखा, चौकटीविना मागेपर्यंत जाणारा पारदर्शक घुमट हे तिचे रूप. आधीच्या मस्टँगवर ब्रिटिशांनी तात्पुरता उपाय म्हणून मॅल्कम हूड हे बाजूला फुगीर झाकण चढवले होते आणि वैमानिकांना ते फार आवडले होते. पाठ कापण्याची किंमत मात्र मोजावी लागली. पी-५१डी मस्टँगची मागची पाठ उतरवल्यावर विमान सरळ रेषेत कमी स्थिर राहू लागले, म्हणून नंतर शेपटाच्या पुढे एक लहान त्रिकोणी पाते जोडावे लागले. आजही त्या विमानाच्या छायाचित्रात हे पाते दिसते. मागे पाहता यावे म्हणून विमानाच्या अंगात केलेल्या फेरफाराची ती खूण आहे.

घुमट आले तरी नेमके मागचे आणि खालचे दिसत नव्हतेच. त्यावरचा खरा उपाय माणसांनी शोधला. तो म्हणजे जोडीदार. स्पेनच्या यादवी युद्धात १९३८ मध्ये जर्मन वैमानिक वेर्नर मोल्डर्स याच्या तुकडीने दोन-दोन विमानांच्या जोड्या आणि दोन जोड्यांची चौकडी ही रचना पक्की केली. जोडीतली विमाने एकमेकांपासून सुमारे २०० मीटर दूर उडत. इतके अंतर असले की जवळच्या विमानाला धडकण्याची भीती राहत नाही आणि प्रत्येकाची नजर जोडीदाराच्या शेपटामागे मोकळी राहते. ब्रिटिश त्या वेळी तीन विमानांच्या दाट बाणात उडत. त्यातले मागचे दोघे पुढच्याला चिकटून राहण्यातच गुंतलेले असत. मागे कोण पाहणार? पाळतीसाठी एखादे विमान थव्यामागे नागमोडी उडवत ठेवायचे, आणि बहुधा तेच आधी पाडले जायचे. १९४१ मध्ये ब्रिटिश तुकड्यांनी हळूहळू जर्मनांची चौकडी उचलली. स्वतःच्या मानेला जे जमत नाही ते दुसऱ्याच्या मानेकडून करून घेणे, हे या रचनेचे सगळे शास्त्र. हवाई डावपेचांच्या इतिहासात याहून मोठा शोध क्वचितच लागला असेल.

पॅसिफिकमध्ये अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅच याने या कल्पनेला पुढचे रूप दिले. जपानी झीरो विमान त्याच्या वाइल्डकॅटपेक्षा कितीतरी चपळ असल्याची माहिती त्याला १९४१ मध्ये मिळाली होती. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून त्याने तोड शोधली. दोन विमाने शेजारी, मध्ये वळणाइतके अंतर ठेवून उडतात. प्रत्येकाने दुसऱ्याच्या मागे पाहायचे. जोडीदाराच्या मागे शत्रू दिसला की आपण जोडीदाराच्या दिशेने वळायचे. आपण वळलो हीच त्याला खूण, मग तोही आपल्याकडे वळतो आणि पाठलाग करणारा शत्रू समोरासमोर आपल्या तोफांपुढे येतो. रेडिओवर एक शब्दही बोलावा लागत नाही. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत थॅचने हा डाव प्रत्यक्ष वापरला आणि तो यशस्वी झाला. आपल्या मागचे आपल्याला दिसत नाही, हे गृहीत धरूनच तो रचलेला आहे. खेळातल्या वैमानिकाला १८० अंश मान दिली तर थॅचच्या डावाला कारणच उरत नाही.

३५२ विमाने पाडल्याची नोंद नावावर असलेला जर्मन वैमानिक एरिख हार्टमन नंतर सांगत असे, की त्याच्या बहुतेक बळींना तो आल्याचे कळलेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढाया चित्रपटांत दिसतात तशा गरगर फिरण्यात क्वचितच संपत. न दिसलेल्या विमानाने एका झडपेत केलेला घात, असेच त्यांचे रूप अधिक वेळा असे.

जेट युगात दृष्टीचे महत्त्व एकदा विसरले गेले आणि पुन्हा शिकावे लागले. कोरियातल्या लढायांचा अभ्यास करणारा अमेरिकी वैमानिक जॉन बॉइड याने एफ-८६ सेबरच्या यशाची जी कारणे दिली, त्यांत मिग-१५पेक्षा तिच्या घुमटातून चांगले दिसते हे एक होते. तरीही पुढच्या पिढीची विमाने क्षेपणास्त्रांवर विसंबून बांधली गेली. एफ-४ फँटमच्या उंच पाठीमुळे मागचे फार कमी दिसे. मिग-२१ची गत तीच होती. पुढे जाड चौकट आणि चिलखती काच, मागे फुगलेली पाठ, मध्ये अरुंद कॉकपिट. हे विमान नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले जाई आणि भारतीय वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या. त्याच्या दोन आसनी आवृत्तीत मागे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढचे दिसावे म्हणून चक्क पेरिस्कोप बसवावा लागला होता.

व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७४ मध्ये उडालेल्या एफ-१६ने हा प्रश्न मुळातून हाताळला. तिच्या घुमटाला पुढे चौकटच नाही. नाकावरून खाली १५ अंश आणि बाजूने खाली ४० अंश दिसते. आसन ३० अंश मागे कललेले आहे. पण कललेल्या आसनात मागे पाहणे उलट अवघड जाते, कारण पाठ आधीच टेकलेली असते आणि अंग पुढे काढून वळावे लागते. काच कितीही मोठी केली तरी मान तीच राहते.

डोक्याची हालचाल यंत्राने मोजण्याची कल्पनाही याच सुमाराला पुढे आली. आयव्हन सदरलँड याने १९६८ मध्ये छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याने डोक्याची दिशा मोजणारे पहिले डोक्यावर घालायचे चित्रयंत्र बनवले. १९७०च्या दशकात अमेरिकी नौदलाने फँटमच्या काही तुकड्यांना हेल्मेटवरचे नेमयंत्र दिले. १९८०च्या दशकात सोव्हिएत संघाने मिग-२९सोबत श्चेल हे हेल्मेट-नेमयंत्र आणि आर-७३ क्षेपणास्त्र आणले. वैमानिक ज्याच्याकडे पाहील त्यावर क्षेपणास्त्राची नजर वळते, विमानाचे नाक तिकडे न्यावे लागत नाही. भारताने मिग-२९ घेतली तेव्हा १९८७ मध्ये तिची पहिली तुकडी पुण्याच्या लोहगाव तळावर उभी राहिली. मान वळवणे हा तोवर बचावाचा भाग होता, तो आता हल्ल्याचाही झाला.

घरगुती सिम्युलेटरची वाट याच काळात सुरू झाली. ब्रूस आर्टविकचा फ्लाइट सिम्युलेटर १९८० मध्ये ॲपल टू संगणकावर आला आणि त्यात पहिल्या महायुद्धातल्या लढाईचा छोटा खेळही होता. पुढची दहा-पंधरा वर्षे बाजूला पाहायचे म्हणजे कीबोर्डवरची कळ दाबायची. पुढे, डावीकडे, मागे अशी ठरावीक चित्रे एकदम बदलत. मधल्या कोनातले विमान एका चित्रातून नाहीसे होऊन दुसऱ्यात उगवे. जॉयस्टिकवर हॅट स्विच आला तेव्हा बोट हलवून पाहता येऊ लागले, पण दिशा तेवढ्याच. १९९१च्या फाल्कन ३.०मध्ये पॅडलॉक दृश्य होते. शत्रू एकदा नजरेत धरला की नजर आपोआप त्याच्यावर खिळून राही. खेळाडूची सोय झाली, पण पाळत ठेवण्याचे कसबच संगणकाने काढून घेतले. २००१च्या आयएल-२ स्टुर्मोविकमध्ये म्हणूनच काठिण्यपातळीच्या यादीत पॅडलॉक बंद करण्याचा पर्याय होता. बाहेरून विमान पाहण्याची सोय आणि शत्रूवरची नावे बंद करण्याचे पर्यायही तिथेच होते. सगळे बंद करून खेळणाऱ्यांची एक वेगळी पंगत त्यातूनच उभी राहिली आणि मानेच्या मर्यादेची चर्चा पुढे तिच्यातच पेटली.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस गावची नॅचरलपॉइंट ही कंपनी हात वापरता न येणाऱ्यांसाठी डोक्याने चालणारा माउस बनवत असे. तेच तंत्र तिने २००१च्या सुमारास ट्रॅकआयआर या नावाने खेळाडूंसाठी आणले. मॉनिटरवरचा कॅमेरा अवरक्त प्रकाश टाकतो, टोपीवरच्या चिकट तुकड्यावरून तो परततो आणि डोक्याची दिशा कळते. पुढे टोपीवर तीन बिंदूंची क्लिप आली. तीन बिंदूंमधली अंतरे कॅमेऱ्याला कशी दिसतात यावरून डोके कुठे वळले, कुठे कलले आणि पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे किती सरकले हे सहाही प्रकार मोजता येऊ लागले. महागडे यंत्र न परवडणाऱ्यांनी घरीच जुळणी केली. टोपीवर तीन अवरक्त एलईडी, वेबकॅमच्या आतली अवरक्त प्रकाश अडवणारी काच काढलेली आणि त्या जागी साधा प्रकाश अडवायला जुन्या फोटोच्या काळ्या फिल्मचा तुकडा. फ्रीट्रॅक आणि नंतर ओपनट्रॅक ही मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच लिहिली गेली.

या सगळ्यांच्या मुळाशी एक वक्ररेषा असते. आडव्या अक्षावर खऱ्या मानेचे अंश, उभ्या अक्षावर खेळातल्या मानेचे. मध्यभागी रेषा सपाट ठेवतात, म्हणजे नेम धरताना नजर थरथरत नाही. कडेला ती चढत जाते. ही रेषा १८० अंशांपर्यंत चढू द्यायची का, हा खेळ बनवणाऱ्यांपुढचा प्रश्न होता. मोकळीक देणाऱ्यांचा मुद्दा दुर्लक्षण्यासारखा नाही. सुमारे ७० सेंटिमीटरवर ठेवलेला २७ इंची मॉनिटर डोळ्यांसमोरचे जेमतेम ४६ अंश व्यापतो. माणसाच्या दोन डोळ्यांना आडवे सुमारे २०० अंश दिसते. कडेची हालचाल टिपणारी नजर खेळाडूकडे नाहीच, मग थोडी जास्त मान दिली तर काय बिघडले, असे ते विचारत.

मात्र हरवते ती कडेची नजर, आणि मोबदल्यात मिळते ती थेट मागची स्पष्ट नजर. या दोन एक नाहीत. पहिली फक्त काहीतरी हलल्याचे सांगते, दुसरी विमानाचा प्रकार ओळखून देते. शिवाय अशा मोकळ्या मानेने बीएफ १०९ आणि पी-५१डी यांच्यातला फरक जवळपास पुसला जातो. पाठ कापणे, घुमट बसवणे, शेपटापुढे पाते जोडणे यांवर कारखान्यांनी घातलेल्या कष्टांना खेळात काही मोल राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे जोडीने उडण्याची गरज संपते. एकटा खेळाडू सर्वत्र पाहू शकत असेल तर तो जोडीदाराची वाट का पाहील?

म्हणून चांगल्या सिम्युलेटरांनी मर्यादा नुसत्या एका कोनावर न ठेवता प्रत्येक विमानागणिक ठेवली. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये खेळातले डोके पुढे-मागे, बाजूला आणि वर-खाली किती सरकू शकते याच्या हद्दी त्या-त्या विमानासाठी मीटरमध्ये लिहिलेल्या असतात. अरुंद कॉकपिटमध्ये डोके काचेपाशी थांबते. काही खेळांत मान मागे वळली की डोके आपोआप थोडे बाजूलाही सरकते, म्हणजे ते दहा सेंटिमीटर हिशेबात धरले जातात. जीचा भार वाढला की नजर काळवंडणे जुन्या खेळांतही होते. नव्या खेळांत सततच्या भाराने वैमानिक थकतो आणि त्याची सहनशक्ती घटते. भाराखाली मान वळण्याचा वेगच कमी करणे हे अजून फारसे कोणी नीट जमवलेले नाही, आणि खऱ्या वैमानिकाच्या अनुभवापासून सिम्युलेटर सर्वांत दूर आहे ते इथेच.

२०१६पासून व्हीआर हेडसेट घरोघरी येऊ लागले आणि पारडे उलटे झाले. व्हीआरमध्ये पडदा डोक्याबरोबर फिरतो, त्यामुळे वाढीव पटीची गरज नसते. मागे पाहायचे तर खुर्चीत खरोखर वळावे लागते, खुर्चीचा हात पकडून, खांदा खाली घालून, अगदी स्पिटफायरच्या वैमानिकासारखे. हेडसेटचे वजन मानेवर येते आणि तासाभराच्या खेळानंतर मान दुखते. त्याच सर्व्हरवर शेजारचा ट्रॅकआयआरवाला खेळाडू वीस अंशांत सगळे पाहून मोकळा होतो. या विषमतेवर उपाय म्हणून व्हीआरमध्येही ठरावीक कोनानंतर नजर पटीने फिरवणारी छोटी सॉफ्टवेअर निघाली. तेव्हापासून मर्यादेचा प्रश्न यंत्राचा राहिला नाही, तो सर्व्हर चालवणाऱ्यांच्या नियमांचा झाला.

खऱ्या विमानांत मात्र मर्यादाच ओलांडली गेली आहे. एफ-३५च्या कायेवर बसवलेल्या सहा अवरक्त कॅमेऱ्यांची चित्रे जोडून वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये दाखवली जातात. त्याने खाली पाहिले तर मांड्या आणि कॉकपिटच्या तळाऐवजी विमानाखालची जमीन दिसते. या विमानाच्या पाठीमागचे दृश्य पुन्हा अडलेले आहे, कारण आसनामागे उंच पाठ आहे. तिथले पाहण्याचे काम कॅमेऱ्यांवर सोपवले आहे. अशा विमानाच्या सिम्युलेटरमध्ये मानेची हद्द कॉकपिटच्या काचेवरून ठरणार नाही. कॅमेरे कुठे आहेत, त्यांचे चित्र किती स्पष्ट आहे आणि भाराखाली ते हेल्मेट किती जड होते, यावरून ती ठरवावी लागेल. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांसाठी मात्र जुनाच हिशेब लागू आहे: सैल पट्टे, सुमारे दीडशे अंश, डोळ्यांचे दहा सेंटिमीटर, डोक्यामागचा पत्रा, आणि उरलेल्या भागासाठी २०० मीटरवरचा जोडीदार.